मनोहरराव कंपाउंडरांची शपथ

नवे डॉक्टर सबनीस नागपुरातल्या सदर मोहल्ल्यातल्या धर्मादाय दवाखान्यात रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या नोकरांना व्हरांड्यात उभं करून शपथ घ्यायला लावली. सगळे म्हणजे कंपाउंडर मनोहरराव, जखमा बांधणारे देवराव आणि झाडलोट करणारी रुखमाबाई. शपथ साधी होती. दवाखान्यात आलेल्या माणसाचं दुखणं दवाखान्याच्या बाहेर न्यायचं नाही. नातेवाइकाला सांगायचं नाही, शेजाऱ्याला सांगायचं नाही, घरी बायकोलाही नाही. देवराव ‘बरं साहेब’ म्हणाले, कारण ते प्रत्येकच गोष्टीला ‘बरं साहेब’ म्हणत. रुखमाबाईनं म्हशीजवळ बोललं तर चालेल काय असं विचारलं, कारण तिच्या घरी दुसरं कोणी नव्हतं. डॉक्टरांनी थोडा विचार करून तेवढी परवानगी दिली.

मनोहररावांनी मात्र ती शपथ फार मनावर घेतली. डॉक्टरांनी ती इंग्रजीत वाचून दाखवली होती, आणि इंग्रजीतली शपथ आपल्याकडच्या देवांपर्यंत कितपत पोचते याची त्यांना खात्री नव्हती. म्हणून संध्याकाळी घरी येऊन त्यांनी अंघोळ केली, उदबत्ती लावली आणि देवापुढे ती मराठीत पुन्हा घेतली. त्यांच्या पत्नी शोभाताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“आज काय आहे?” त्यांनी विचारलं.

“मले सांगता येत नाही,” मनोहरराव म्हणाले.

वास्तविक एवढं सांगायला काही हरकत नव्हती. पण माणसाचा पहिल्या दिवसाचा उत्साह असतो.

ही शपथ त्यांना जड का जाणार होती हे समजायला तेव्हाची रीत माहीत हवी. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होती, सेक्रेटरिएट होतं, हायकोर्ट होतं, पण लग्नाच्या बाबतीत यांपैकी कशाचाच उपयोग नव्हता. पत्रिका जोशी पाहत, घराणं मुलाचे मामा पाहत, आणि प्रकृतीची चौकशी कंपाउंडरकडे होई. मुलाकडचा कोणी जाणता माणूस खोकल्याचं निमित्त काढून दवाखान्यात यायचा. बाकावर बसायचा, औषधाचा एक डोस घ्यायचा, तोंड वाकडं करायचा आणि उठता उठता, जसं काही आत्ताच आठवलं, असं विचारायचा की अमक्याच्या मुलीला काही आहे काय. मनोहरराव सांगायचे. काही नसलं तर ‘काही नाही’ म्हणायचे आणि असलं तर काय आहे ते सांगायचे. त्यामुळे मोहल्ल्यातल्या कोणत्याही लग्नात त्यांचं पान पहिल्या पंगतीला असे. आपण कधी खोटं सांगितलं नाही याचा त्यांना अभिमान होता. खरं सांगितल्यावर कोणाचं काय झालं, याचा विचार करायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

ती वेळ शपथेनंतर लगेच आली. तारऑफिसातल्या गणपतरावांची चारुशीला एका दुपारी एकटीच दवाखान्यात आली. आई नसलेली, मुलींच्या शाळेत शिकवणारी, सरळ चालीची मुलगी. डॉक्टरांनी पडद्याआड रुखमाबाईसमोर तिला तपासलं आणि मनोहररावांना औषध करायला सांगितलं. औषध करताना तिला काय आहे ते त्यांना कळलंच. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही, तेव्हा आपणही तूर्त विचारू नये. दुखणं जिवावरचं नव्हतं, एकाचं दुसऱ्याला लागणारंही नव्हतं. पण नागपूरजवळच्या मौदा गावच्या मारोतरावांच्या मुलाशी तिचं लग्न ठरत आलं होतं. मारोतराव म्हणजे मोठे शेतकरी आणि धान्याचे व्यापारी, मुलगा वकिलीचं शिकत होता. त्यांच्या कानावर हे गेलं असतं तर लग्न मोडलं असतं, आणि एकदा या कारणानं मोडल्यावर मुलीला दुसरं स्थळ मिळणं कठीण होतं.

बाटली घेताना चारुशीला नुसतं “काका” म्हणाली.

“पोरी, हे इथंच राहीन,” मनोहरराव म्हणाले, आणि त्यांना आपण फार उंच झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या यमुताई कोथिंबीर मागायला आल्या. यमुताईंना कोथिंबीर नेहमीच लागत असे.

“काहून जी, काल वामनराव दवाखान्यात दिसले. काय झालं त्यायले?”

“मले सांगता येत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे सांगता येत नाही.”

इतक्या वर्षांत मनोहररावांच्या तोंडून हे वाक्य यमुताईंनी ऐकलं नव्हतं. त्या त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. मनोहररावांचा चेहरा लांबट, गालफडं बसलेली. तो मुळातच फारशी आशा देणारा नव्हता. “इतकं खराब आहे काय, बाप्पा,” यमुताई आवाज खाली आणून म्हणाल्या, आणि कोथिंबीर न घेताच परत गेल्या.

वामनराव हे मनोहररावांचे लहानपणचे मित्र. त्यांच्या पायाला कुरूप झालं होतं, ते त्यांनी कापून घेतलं होतं. बस एवढंच. पण दुसऱ्या सकाळपासून त्यांच्या घरी माणसं येऊ लागली. येत, बसत, सुस्कारा टाकत आणि जुन्या दिवसांच्या गोष्टी काढत. कोणी भगवद्गीता आणून उशाशी ठेवली. कोणी त्यांच्या आवडीची पुरणपोळी करून आणली, आणि त्यांना ती खाताना पाहून डोळ्याला पदर लावला. दुपारी वाडी गावाहून त्यांची बहीण रंभाबाई बैलगाडीत अंथरूण घालून आली ती दारापासूनच रडत. संध्याकाळी वामनराव लंगडत मनोहररावांच्या ओट्यावर येऊन बसले.

“काय करून ठेवलं गा तू, मनोहर? बहीण माह्या उशाशी बसून रडून राहिली.”

“मग सांग ना तिले, कुरूप कापलं म्हणून.”

“सांगितलं. तर म्हणते, बिचाऱ्याले डॉक्टरनं खरं सांगितलं नाही.”

“पाय दाखव.”

“दाखवला. पट्टी पाहून तर जास्तच रडाले लागली. तू येक वेळ येऊन सांग ना तिले.”

“मले सांगता येत नाही, वामन.”

“अगा, दुखणं माह्यं आहे. मीच तुले सांगाले लावून राहिलो.”

यात तथ्य होतं. पण शपथ घेताना रोगी स्वतःच सोडवायला आला तर काय, हे विचारायचं राहून गेलं होतं, आणि डॉक्टर त्या दिवशी कामठीला गेले होते. दुसऱ्या दिवशी ते परत आले आणि म्हणाले की ज्याचं दुखणं तो म्हणत असेल तर खुशाल सांगा. मनोहरराव धावत गेले. तोवर रंभाबाईनं नवस बोलून टाकला होता, आणि वामनराव खडखडीत बरे आहेत या बातमीचं श्रेय त्या नवसाला गेलं. वामनराव पुढे बरेच दिवस मनोहररावांशी मोजकंच बोलत होते.

या प्रकारानं मनोहरराव हादरले. वामनरावांचं कुरूप निभावून गेलं, पण उद्या मारोतराव बाकावर येऊन बसतील आणि चारुशीलेबद्दल विचारतील तेव्हा काय? एका ‘सांगता येत नाही’वर धडधाकट माणूस मरणाच्या दारात जातो, तर त्या मुलीचं लग्न कसं टिकणार? त्यांनी पुष्कळ विचार केला. पाण्याच्या घागरी भरताना केला, मिक्श्चर ढवळताना केला. शेवटी त्यांना दिसलं की अडचण वाक्यात नाही, वाक्य नवीन आहे यात आहे. मोहल्ल्याच्या कानाला त्याची सवय करायला हवी. मारोतराव येण्याच्या आत ते इतक्या जणांबद्दल म्हणायचं, की चारुशीलेबद्दल म्हटलं तर कोणी मान वर करून पाहू नये.

बेत उत्तम होता. तो बिघडला कसा हे अजूनही त्यांना समजलेलं नाही.

त्यांनी सरसकट सुरुवात केली. कोणी कोणाची चौकशी केली की सांगता येत नाही. आखाड्यातल्या पहिलवानाबद्दल सांगता येत नाही. यमुताईंबद्दल, खुद्द यमुताईंना, सांगता येत नाही. कुसुमताईंची सून दिवसात होती हे रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही दिसत होतं, तिच्याबद्दलही सांगता येत नाही. जे दवाखान्याची पायरी कधी चढले नव्हते ते आले होते की नाही, हेही सांगता येत नाही. पुढे पुढे तर दवाखाना कधी उघडतो असं कोणी विचारलं तरी ते क्षणभर थांबत.

एका माणसाबद्दल सांगता येत नाही म्हटल्यावर तो आजारी असतो. साऱ्या मोहल्ल्याबद्दल सांगता येत नाही म्हटल्यावर साथ असते. हे अनुमान पहिल्यांदा कोणी काढलं ते कळलं नाही, पण ते दोन दिवसांत घरोघर गेलं, आणि त्याचं नाव प्लेग होतं. प्लेगाच्या आठवणी म्हाताऱ्यांच्या मनात अजून ओल्या होत्या. त्या दिवसांत लोक घरं सोडून शेतात झोपड्या टाकून राहत, आणि परत आल्यावर कोण उरलं ते पाहत. लोक एकमेकांकडची भांडी मागेनासे झाले. दारादारावर कडुलिंबाच्या डहाळ्या लागल्या. यमुताईंच्या मांजरानं एक उंदीर मारला, तर तो प्लेगाचा धरून त्याला रॉकेल ओतून जाळलं आणि मांजराकडेही सगळे संशयानं पाहू लागले. एका कुटुंबानं तर छकडं भरून वाडीच्या वाटेवरच्या शेतात झोपडी टाकायला सुरुवात केली.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणे, मनोहरराव, निदान किती गेले तेवढं सांगा, नावं नका सांगू. कोणी म्हणे, तोंडानं नका बोलू, हो असेल तर डावा डोळा मिटा. लोक येत आणि नुसते त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून परत जात. तेव्हा मनोहररावांना वाटलं की चेहराच काहीतरी बोलतो आहे. ते आरशासमोर उभे राहून कोणताच अर्थ निघणार नाही असा चेहरा करण्याची मेहनत घेऊ लागले. शोभाताईंनी ते दारातून पाहिलं आणि त्यांना वाटलं, नवऱ्याचं तोंड वाऱ्यानं वाकडं होऊन राहिलं आहे. त्यांनी मुकाट्यानं मोहरीचं तेल गरम करून आणलं.

मग सायकलवरून म्युनिसिपालिटीचे सॅनिटरी इन्स्पेक्टर आले. खाकी अर्धी पँट, डोक्यावर टोपी.

“इस मोहल्ले में बुखार किसको है?”

“मले सांगता येत नाही.”

“छुपाना गुन्हा है, मालूम है?”

“सांगणं पण गुन्हा आहे, साहेब,” मनोहरराव अत्यंत नम्रपणे म्हणाले.

इन्स्पेक्टरांच्या साऱ्या नोकरीत त्यांना असं उत्तर मिळालं नव्हतं. ते गेले, आणि दुसऱ्या सकाळी त्यांची माणसं चुना, फिनेल आणि शिड्या घेऊन आली. घराघरातलं सामान रस्त्यावर निघालं. ऊन आत यावं म्हणून छपरांवरची कौलं उतरवली. कोणाची लोणच्याची बरणी फुटली, कोणाच्या देव्हाऱ्यावर चुना सांडला. या सगळ्याचं मूळ कोण, हे एकमतानं ठरलं होतं. मोहल्ल्यात तेवढ्यापुरती एकी झाली.

डॉक्टरांनी मनोहररावांना आत बोलावलं.

“साथीचा रोग असेल तर म्युनिसिपालिटीला कळवायचं, हाही नियमच आहे. साथ आहे का?”

“नाही, साहेब.”

“मग नाही म्हणायचं होतं.”

“साहेब, येकाबद्दल नाही म्हटलं, दुसऱ्याबद्दल नाही म्हटलं, तर ज्याच्याबद्दल नाही म्हणता येत नाही तो आपोआप उघडा पडते. मी नाही सांगितलं तरी सांगितल्यासारखंच झालं.”

डॉक्टर सबनीसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ज्या पुस्तकातून त्यांनी शपथ घेतली होती त्यात याचं उत्तर नव्हतं.

“कोणाबद्दल बोलताय ते मला कळलं,” ते हळूच म्हणाले. “काय करावं ते मलाही माहीत नाही, मनोहरराव.”

इतका मोठा शिकलेला माणूस आपल्यासमोर असं म्हणाला, याचं मनोहररावांना समाधान वाटायला हवं होतं. त्यांना भीती वाटली.

आणि नेमके त्याच वेळी, गल्लीत चुन्याचा वास येत असताना, मौद्याचे मारोतराव आले. बाकावर बसले. रीतीप्रमाणे खोकले. मनोहररावांनी रीतीप्रमाणे डोस दिला. मारोतरावांनी तोंड वाकडं केलं आणि उठता उठता विचारलं,

“गणपतरावच्या पोरीले काही आहे काय जी?”

‘नाही’ हा फार लहान शब्द आहे. तो मनोहररावांच्या जिभेवर आला होता. खोटं बोलू नये असं शपथेत कुठे म्हटलं नव्हतं. पण या बाकावर ते कधी खोटं बोलले नव्हते, आणि शिवाय समोरचा माणूसही कोणाचा तरी बाप होता, मुलासाठी विचारत होता. त्याला फसवून त्या मुलीला त्या घरात ढकललं आणि उद्या ते उघडं झालं, तर तिचं तिथे काय होईल हेही त्यांना दिसत होतं.

“मले सांगता येत नाही,” ते म्हणाले.

“माह्या भाच्याच्या वक्ती तर चांगलं सांगितलं होतं तुम्ही.”

“हो. सांगाले नको होतं.”

मारोतरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं, चुना उडालेल्या गल्लीकडे एकदा पाहिलं आणि टांगेवाल्याला हाक मारली. लग्न मोडल्याचा निरोप संध्याकाळपर्यंत आला.

गणपतराव आले ते ओट्यावर चढलेसुद्धा नाहीत. खालीच उभे राहिले.

“येक शब्द होता, मनोहरराव. ‘नाही’ म्हणाचं होतं.”

मनोहरराव ओट्यावरून खाली उतरले.

“काय झालं माह्या पोरीले? मी बाप आहो तिचा. मलेही नाही सांगणार?”

“तिले विचारा, गणपतराव. ते तिचं आहे.”

गणपतरावांनी घरी जाऊन विचारलं. चारुशीलेनं सांगितलं. मग ते बराच वेळ डोक्याला हात लावून बसून होते असं यमुताई म्हणाल्या. त्यांना ते खिडकीतून दिसलं होतं, ऐकू मात्र काही आलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना वाईट वाटत होतं.

त्या रात्री मनोहररावांना जेवण गेलं नाही. शपथ पाळली होती, तिच्यातलं एक अक्षरही मोडलं नव्हतं, आणि जिच्यासाठी पाळली तिचंच लग्न मोडलं होतं. पाळली म्हणूनच मोडलं होतं. डॉक्टरांच्या नियमानं मुलीच्या दुखण्याला कपडा घातला होता खरा, पण असा की तो घातलेला साऱ्या गावाला दिसावा. शोभाताई ताट उचलायला आल्या तेव्हा ते म्हणाले,

“आपल्या वसंतसाठी गणपतरावची चारुशीला विचारू काय म्हणतो मी.”

वसंत त्यांचा एकुलता एक मुलगा. सेक्रेटरिएटात कारकून, अबोल, विचारलं तेवढंच बोलणारा. गोत्र आड येत नव्हतं. आजवर विचारलं नव्हतं ते एवढ्याचसाठी की गणपतरावांची नजर मौद्याकडे होती.

शोभाताई ताट हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

“ती दवाखान्यात आली होती म्हणतात.”

“मले सांगता येत नाही.”

“आली असन तर काय झालं तिले, ते तुम्हाले माहीत असन.”

मनोहररावांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

“आणि माहीत असूनही तुम्ही तिले माह्या घरात आणून राहिले?”

“हो.”

“एवढं तरी सांगा. माह्या पोराले काही होणार नाही ना?”

नवऱ्याबरोबरच्या इतक्या वर्षांच्या संसारात शोभाताईंनी असं कधी विचारलं नव्हतं. मनोहररावांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, “पोराचं वाईट मी कराले लागलो काय वं?” शोभाताई ताट घेऊन आत गेल्या. थोड्या वेळानं आतून आवाज आला, “नारळ उद्या आणा. मोठा पाहून आणा.” वसंतला विचारलं तर त्यानं मान खाली घातली आणि कानाच्या पाळ्या लाल केल्या. याला घरात होकार समजत.

दुसऱ्या सकाळी मनोहरराव आधी डॉक्टरांकडे गेले. रोग्याला सून करून घेतली तर शपथ मोडते काय, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी अशी मनाई कुठे वाचलेली नाही असं सांगितलं. मग स्वतः उठून त्यांनी मनोहररावांना दारापर्यंत पोचवलं, जे ते कोणासाठीही करत नसत.

रविवारी तिघं नारळ घेऊन गणपतरावांकडे निघाली. पण मोहल्ला काही झोपलेला नव्हता. कंपाउंडर स्वतःच्या एकुलत्या एका पोरासाठी मुलगी मागतो आहे, ही बातमी नारळ विकत घेतल्याबरोबर पसरली, आणि तिचा अर्थ सगळ्यांनी एकच लावला. ज्याला सारं माहीत आहे तोच मागतो, म्हणजे मुलगी ठणठणीत आहे. कालपर्यंत तिच्या दारावरून तोंड फिरवून जाणारे आज तिच्या तब्येतीची वाखाणणी करत होते. मौद्यालाही निरोप पोचला. मनोहरराव ओट्यावर टेकतात न टेकतात तोच टांगा थांबला आणि मारोतराव उतरले.

“गणपतराव, माणसाची चूक होते,” ते आल्या आल्या म्हणाले. “या कंपाउंडरनं मले मुद्दाम फिरवलं. पोरगी आपल्या घरात घ्याची होती, म्हणून बोलला नाही. आता समजलं. आमचं पह्यलं ठरलं होतं, आम्हीच नेतो.”

मनोहररावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आपण आयुष्यात केलेली एकुलती एक धीराची गोष्ट लबाडी ठरत होती, आणि आपल्या बचावाचा पुरावा ज्यात होता ते बोलायचं नव्हतं. शिवाय त्यांना हेही कळलं की मौद्याचं घर पुन्हा दारात आलं आहे. मुलीचं त्यात भलं असेल तर आपण नारळ घेऊन परत जावं. त्यांनी गणपतरावांकडे पाहिलं. गणपतराव मारोतरावांना बसा म्हणत होते, पण मनोहररावांकडे पाहत नव्हते. मोठं घर होतं, आणि नुसतं गप्प बसलं की मिळत होतं.

चारुशीला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं तांब्या खाली ठेवला, पण आत गेली नाही, मारोतरावांकडे वळली.

“मामाजी, तुम्ही काकाले विचारलं, त्यायनं नाही सांगितलं. त्यायले सांगाचा हक्कच नव्हता. मले आहे. मले विचारा.”

“तुले काय विचाराचं, पोरी,” मारोतराव हसून म्हणाले.

“माह्या पाठीवर कोडाचा डाग आहे. खांद्याच्या खाली, तळहाताएवढा. वाढत नाही. डॉक्टर म्हणतात लागत नाही, जिवाले काही होत नाही. जाईन की नाही माहीत नाही. त्याचं तेल आणाले मी दवाखान्यात गेली होती.”

ती हे शाळेत धडा सांगावा तसं सरळ आवाजात बोलली, फक्त तिचे हात पदराआड होते. गल्लीत यमुताईंची खिडकी उघडी होती आणि त्या खिडकीत माणसं होती.

मारोतराव उठले. घरी विचारून कळवतो म्हणाले. ते कळवणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही होतं, आणि मान खाली घालून पायऱ्या उतरताना त्या माणसाला लाज वाटत होती, एवढं त्यांच्याबद्दल म्हटलं पाहिजे. टांगा वळला.

शोभाताई नारळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

“हेच होतं?”

मनोहररावांनी नजर नारळावर ठेवली.

“आणि मी इतके दिवस देवाजवळ काय काय मागून राहिली होती,” त्या म्हणाल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि सरकून बाजूला जागा केली. “ये वं. बस इथं.”

चारुशीला बसली नाही. ती वसंतकडे पाहत होती. “त्यायनं ऐकलं. ते काही बोलले नाहीत,” ती म्हणाली. “आईबापाच्या सांगण्यावरून हो म्हणू नये. त्यायचं त्यायनं म्हणावं.”

वसंतनं आधी आपल्या हातांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“मले डाव्या कानानं ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “बिलकुल नाही. शाळेत असतानी कान वाहत होता, तेव्हापासून. तुम्ही सांगितलं, म्हणून मीही सांगतो. तुम्हाले चालत असन तर माह्यं हो आहे.”

शोभाताईंच्या हातातला नारळ घरंगळून ओट्यावर गेला. तो कोणी उचलला नाही.

मोहल्ल्यातल्या कोणाचं पोट बिघडतं, कोणाच्या छातीत कफ आहे, कोणाच्या दाढेला कीड आहे, सगळं माहीत असलेले मनोहरराव मुलाकडे पाहत राहिले.

“माह्या दवाखान्यात काहून नाही आला तू?” त्यांनी विचारलं.

“तेव्हा तुम्ही सगळ्यायचं सगळ्यायले सांगत होते, बाबा,” वसंत म्हणाला. त्यात राग नव्हता. “पोट्टे चिडवतीन म्हणून भेव लागलं. मग सवयच पडली.”

चारुशीला आता शोभाताईंजवळ बसली होती. गणपतराव आत जाऊन कुंकवाची कुयरी शोधत होते, त्यांना ती सापडत नव्हती, आणि शोधताना ते रडत होते हे बाहेर ऐकू येत होतं. मनोहररावांना घरातली कित्येक वर्षं आठवत होती. हाक मारली तरी मुलगा ओ देत नाही म्हणून रागावलेले दिवस, माजला आहे म्हणून दिलेल्या चापट्या. त्यांना पुष्कळ विचारायचं होतं. त्यातलं एक कसंबसं तोंडातून निघालं.

“फार त्रास झाला काय रे?”

वसंत समोर पाहत होता. त्यानं काही उत्तर दिलं नाही, मान वळवली नाही. मनोहरराव त्याच्या डाव्या बाजूला बसले होते.

ते उठले, मागून वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले, आणि त्यांनी तेच पुन्हा विचारलं.